फ्रिजियाच्या डोंगरातली आईची दारे

जानेवारी १८००. ऐन हिवाळ्यात इस्तंबूलहून निघालेली एक छोटी ब्रिटिश तुकडी अनातोलियाचे पठार ओलांडून दक्षिणेकडे चालली होती. नेपोलियनचे सैन्य इजिप्तमध्ये ठाण मांडून बसले होते आणि त्याच्याशी लढणाऱ्या ऑटोमन फौजेला साहाय्य करण्याची कामगिरी या मंडळींवर होती. प्रवास निर्वेध व्हावा म्हणून त्यांनी तातार जासुदांचा वेश केला होता. तुकडीत विल्यम मार्टिन लीक नावाचा तोफखान्यातला एक तरुण अधिकारी होता. सेइदगाझी गावाच्या दक्षिणेला पाइनच्या रानातून जाताना एका खोऱ्यात त्यांना एक प्रचंड कातळ दिसला. त्याची एक बाजू भिंतीसारखी सपाट तासलेली होती. वर घराच्या छपराचा त्रिकोण होता, खाली चौकोन आणि फुल्यांची दाट नक्षी, आणि खडकावर मोठ्या अक्षरांत कोरलेल्या ओळी होत्या.

लीकला प्राचीन ग्रीक येत होते. लिपी ग्रीकसारखी होती, भाषा मात्र वेगळी. तरीही त्या ओळीत त्याला एक नाव वाचता आले : मिडास. ज्याच्या स्पर्शाने सारे सोने होत असे, त्या दंतकथेतल्या राजाची ही कबर असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे त्याने हे वर्णन प्रसिद्ध केले आणि युरोपला या डोंगराळ मुलखाचा पत्ता लागला. लीकने नाव बरोबर वाचले होते. पण ती कबर नव्हती, आणि तिथे सोनेही नव्हते. हा खडक म्हणजे एक दार होते. ते कोणासाठी उघडत होते, हे कळायला पुढची दीडशे वर्षे आणि अनेकांचे कष्ट खर्ची पडले.

आज हा मुलूख तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिर, कुताह्या आणि अफ्योन या तीन प्रांतांच्या सीमांवर पसरलेला आहे. इतिहासात तो 'फ्रिजियाचा डोंगराळ प्रदेश' म्हणून ओळखला जातो. फ्रिजियन लोक मूळचे बाल्कनकडचे. मॅसिडोनियाच्या शेजारी राहत असताना त्यांना ब्रिगेस म्हणत, असे हिरोडोटस सांगतो. इसवी सनपूर्व १२०० च्या सुमारास अनातोलियातले बलाढ्य हित्ती साम्राज्य कोसळले आणि त्यानंतरच्या पोकळीत हे लोक पठारावर स्थिरावले. त्यांची भाषा ग्रीक आणि संस्कृत ज्या कुळातल्या, त्याच इंडो-युरोपीय कुळातली, आणि ग्रीकला विशेष जवळची. राजधानी गॉर्डियन, आजच्या अंकाराच्या नैर्ऋत्येला, सकार्या नदीच्या काठी. अलेक्झांडरने इसवी सनपूर्व ३३३ मध्ये जिथे ती प्रसिद्ध 'गॉर्डियन गाठ' तोडल्याचे सांगतात, तेच हे गॉर्डियन.

मिडास हा राजाही केवळ कथेतला नाही. अ‍ॅसिरियाचा सम्राट दुसरा सारगॉन याच्या नोंदींत 'मुश्कींचा राजा मिता' वारंवार येतो. इसवी सनपूर्व ७१७ पासून तो अ‍ॅसिरियाच्या शत्रूंना फूस लावताना दिसतो आणि ७०९ च्या सुमारास सारगॉनशी सलोखा करतो. हा मिता म्हणजेच मिडास, असे बहुतेक इतिहासकार मानतात. ग्रीकांशीही त्याचे संबंध होते. डेल्फीच्या देवस्थानाला भेट पाठवणारा पहिला परकीय राजा मिडास होता आणि त्याने आपले न्यायदानाचे सिंहासन अर्पण केले होते, असे हिरोडोटस लिहितो. थोडक्यात, पूर्वेला अ‍ॅसिरिया आणि पश्चिमेला ग्रीस यांच्या मधोमध, दोघांशीही व्यवहार करणारे हे एक समर्थ राज्य होते.

त्याच्या सोन्याचे काय? याचे उत्तर गॉर्डियनच्या मातीने दिले. शहराच्या आसपास शंभराहून अधिक कृत्रिम टेकड्या आहेत. प्रत्येक टेकडीखाली एखाद्या मातबराचे दफन. त्यांतली सर्वांत मोठी आजही ५३ मीटर उंच आहे. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रॉडनी यंग आणि त्यांचे सहकारी भुयार खणत तिच्या पोटात पोहोचले, तेव्हा पाइन आणि जुनिपरच्या ओंडक्यांची एक अख्खी खोली त्यांच्या समोर उभी होती. आत साठी ओलांडलेल्या एका पुरुषाचा सांगाडा होता. भोवती काशाच्या मोठ्या कढया, शंभराच्या आसपास वाट्या, सिंहाच्या आणि मेंढ्याच्या तोंडाची भांडी, आणि लाकडी मेजे. भांड्यांत चिकटून राहिलेल्या अवशेषांचे पुढे रासायनिक परीक्षण झाले. अंत्यविधीच्या जेवणात मसुरीबरोबर शिजवलेले शेळीचे किंवा मेंढीचे मांस होते आणि द्राक्षांची दारू, जवाची बियर आणि मधाची दारू एकत्र करून केलेले पेय होते, असे त्यातून कळले. ओंडक्यांचा काळ इसवी सनपूर्व ७४० च्या सुमाराचा निघाला. त्यामुळे ही टेकडी स्वतः मिडासची नसून त्याच्या बापाची किंवा आज्याची असावी, असे आता मानतात. पण त्या राजाच्या संपूर्ण दफनात सोन्याचा एक कणही सापडला नाही.

सापडली ती सुतारकामाची श्रीमंती. त्या खोलीतल्या मेजांवर आणि उभ्या फळ्यांवर फिकट लाकडात गडद लाकडाचे बारीक तुकडे बसवून चौकोन, फुल्या, चक्रव्यूहासारख्या रेषा असे नक्षीकाम केलेले आहे. एकही इंच मोकळा सोडलेला नाही. लीकला ज्या कातळावर नक्षी दिसली होती, तीही याच घराण्यातली. राजाच्या घरातले सामान आणि डोंगरातले खडक एकाच हस्तकलेच्या भाषेत बोलत होते.

आता त्या डोंगराकडे वळू. इथला खडक ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला, ज्याला भूशास्त्रात टफ म्हणतात. ताजा कापताना तो मऊ असतो, लोखंडी हत्याराला सहज दाद देतो, आणि उघडा पडल्यावर पृष्ठभागी कठीण होतो. वारा-पावसाने या राखेच्या थरांतून सुटे सुळके, उभे कडे आणि सपाट माथ्याची पठारे कोरून काढली आहेत. ज्याला आज 'मिडासचे शहर' म्हणतात, ते अशाच एका पठारावर वसले होते. तिथले आजचे गाव याझिलीकाया. पठाराच्या माथ्यावर वस्ती, कड्यातून खाली पाण्याच्या टाक्यांकडे उतरणारे पायऱ्यांचे बोगदे, आणि आसपासच्या टेकड्यांवर छोटे गड, अशी त्याची रचना होती. लीकने पाहिलेला कातळ याच पठाराच्या कडेला आहे.

हे स्मारक सुमारे १७ मीटर उंच आहे. वर दोन उतारांचे छप्पर, त्याच्या शिखरावर दोन वर्तुळे जुळवल्यासारखे शिरोभूषण, खाली भिंतभर भौमितिक नक्षी, आणि अगदी तळाशी, एवढ्या मोठ्या भिंतीच्या मानाने लहान वाटेल असा, एक चौकटीचा कोनाडा. छपराच्या डाव्या उताराच्या वर कोरलेली ओळ सांगते की आतेस नावाच्या माणसाने हे मिडासला अर्पण केले. मिडासच्या नावापुढे दोन पदव्या आहेत, 'लावागताएइ' आणि 'वानाक्तेइ', म्हणजे लोकांचा नायक आणि राजा. याच दोन पदव्या त्याच्याही पाचशे वर्षे आधीच्या मायसिनी काळातल्या ग्रीक मातीच्या पाट्यांवर सापडतात. स्मारकाच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण ते मिडासच्याच काळाजवळ नेतात, तर अनेक जण इसवी सनपूर्व सहाव्या शतकात ठेवतात. दुसरे मत धरले तर राजा जाऊन शतक उलटल्यावरही त्याच्या नावाने खडक कोरला जात होता, असे म्हणावे लागते.

हे काम कसे केले, याचा पुरावा त्याच शहरात आहे. पठाराच्या दुसऱ्या बाजूला एक अर्धवट सोडलेले स्मारक आहे. त्याचा वरचा भाग, छप्पर आणि शिरोभूषण पूर्ण झालेले आहेत, नक्षीही थोडी उतरलेली आहे, आणि त्याखाली नुसता अनघड खडक. म्हणजे कारागीर माथ्याकडून पायथ्याकडे येत होते. उभे राहायला खालचाच खडक होता. जसजसे काम खाली सरके, तसतसा तो कापला जाई. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. आणि कार्ले-भाज्याच्या चैत्यांत जशा लाकडी घराच्या तुळया आणि कमानी दगडात उतरल्या, तशीच इथेही लाकडी घराची दर्शनी बाजू दगडात उतरली आहे. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही, फ्रिजियन काम कित्येक शतके आधीचे आहे; पण लाकडात काम करणारा हात दगडाकडे वळला की तो आपल्या सवयी बरोबर नेतो, हे दोन्हीकडे दिसते. गॉर्डियनची घरे अशीच होती : लांबट, दोन उतारांच्या छपराची, आणि समोरच्या अरुंद बाजूला दार.

मग खडकावर घराची केवळ दर्शनी बाजू कशासाठी? आत खोली नाही, कबर नाही. मिडासच्या स्मारकाच्या तळातल्या कोनाड्यातच उत्तर दडलेले होते. तिथे मागाहून भाविकांनी कोरलेल्या छोट्या ओळींत एका नावाची रूपे येतात : मातार. म्हणजे आई. फ्रिजियनांच्या शिलालेखांत नावानिशी उल्लेख येणारी प्रमुख देवता हीच. क्वचित तिला 'मातार कुबिलेया' असे विशेषण लागते, आणि ग्रीकांनी त्यातूनच तिला किबेले हे नाव दिले. जगाला ती याच नावाने ठाऊक झाली. कोनाडा म्हणजे तिच्या घराचे दार. डोंगर हेच तिचे घर आणि दारात ती स्वतः उभी. बहुतेक स्मारकांची तोंडे पूर्वेच्या बाजूला आहेत, म्हणजे सकाळचे ऊन पहिल्यांदा दारात येते. मिडासच्या कोनाड्यात आज मूर्ती नाही. उत्सवाच्या वेळी मूर्ती आणून तिथे ठेवत असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. पण काही ठिकाणी मूर्ती खडकातच आहे. ब्युयुक कापीकाया, म्हणजे 'मोठा दार-खडक', इथे नक्षीदार भिंतीच्या मधल्या दारात देवी समोर तोंड करून सरळ उभी आहे.

या सगळ्यांत अस्लानकाया मुद्दाम जवळून पाहण्यासारखा. अफ्योन प्रांतात देओगेर गावाजवळ, एम्रे तलावाच्या परिसरात एक एकटा सुळका उभा आहे. त्याच्या एका बाजूवर घराची भिंत कोरली आहे. छपराच्या त्रिकोणात मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना दोन स्फिंक्स, सिंहाचे शरीर आणि माणसाचे तोंड असलेले. त्याखाली नक्षीची भिंत. तळाशी खोल कोनाडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना कोरलेली दाराची फळकुटे, सताड उघडलेली. आत देवी उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना दोन सिंह मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पंजे तिच्या डोक्याकडे नेतात. सुळक्याच्या बाजूच्या अंगावर आणखी एक मोठा सिंह उभा आहे. म्हणजे घर बंद नाही. आई दारात आली आहे आणि रानातले सर्वांत भयंकर जनावर तिच्या अंगाला लागून उभे आहे, असा हा प्रसंग आहे. या स्मारकावर झिजून गेलेला एक शिलालेख आहे. २०२४ मध्ये अमेरिकी अभ्यासक मार्क मन यांनी निरनिराळ्या उजेडात काढलेली छायाचित्रे आणि जुन्या नोंदी ताडून त्यातला एक शब्द पक्का केला : 'मातेरान', म्हणजे आईला. प्रतिमेत जी दिसते तिचेच नाव अक्षरांतही आहे, यावर त्यामुळे शिक्कामोर्तब झाले.

डोंगरातली उपासना केवळ या मोठ्या भिंतींपुरती नव्हती. मिडासच्या शहराच्या माथ्यावर खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत. त्या कुठेही जात नाहीत. वर एक आसनासारखा भाग आणि त्यावर कधी एक, कधी दोन गोल डोक्यांच्या ठोकळेवजा मूर्ती. अशा पायऱ्यांचे उभे चौथरे साऱ्या प्रदेशात विखुरलेले आहेत. काही दर्शनी भिंतींच्या मागे वरून खाली उतरणारी विहिरीसारखी पोकळी आहे. गोय्नुश खोऱ्यातल्या मालताश या स्मारकात ती स्पष्ट दिसते. मालताशची भिंत आज निम्म्याहून अधिक मातीत गाडलेली आहे, आणि तिच्या पाठीमागची पोकळी कोनाड्याशी जोडलेली आहे. तिच्यातून पुजारी देवीची वाणी ऐकवत असावा, असे काहींचे मत आहे. नैवेद्य आत सोडत असावेत, असे दुसरे काही म्हणतात.

गोय्नुश खोऱ्यातच खऱ्या कबरीही आहेत आणि त्यांच्यावर राखण सिंहांचीच आहे. अस्लानताश म्हणजे 'सिंहखडक'. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर कबरीचे चौकोनी तोंड, त्याच्यावर मधला खांब, आणि खांबाच्या दोन्ही अंगांना मागच्या पायांवर उभे, जबडा उघडलेले दोन प्रचंड सिंह. त्यांच्या पायाशी छावे. जवळच यिलानताश, 'सर्पखडक'. ही कबर एके काळी याहूनही मोठी होती; आता कडा कोसळून तिचे तुकडे झाले आहेत आणि सिंहाचे अजस्र डोके जमिनीवर पडलेले आहे. आई ज्यांना पाळते तेच सिंह मेलेल्याच्या दारावर पहारा देतात. या लोकांच्या कल्पनेत जगण्याचे आणि मरण्याचे दार एकाच देवतेच्या ताब्यात होते, असे वाटावे इतके हे साम्य ठळक आहे.

मिडासचे राज्य मात्र फार टिकले नाही. उत्तरेकडून किमेरियन टोळ्या आल्या. त्या आक्रमणात मिडासने बैलाचे रक्त पिऊन जीव दिला, असे स्ट्रॅबो सांगतो. गॉर्डियनचा बालेकिल्ला जाळणारी मोठी आग याच हल्ल्यातली, असे अनेक वर्षे मानले जात होते. आता ती आग त्याहून शतकभर आधीची, इसवी सनपूर्व ८०० च्या सुमाराची ठरली आहे. पुढे पश्चिमेचे लिडियन, इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या मध्यावर इराणी, मग अलेक्झांडर, त्याच्यामागून आलेले केल्ट आणि शेवटी रोम, असे मालक बदलत गेले.

आई मात्र कोणाच्या हद्दीत अडली नाही. ग्रीक शहरांनी तिला इसवी सनपूर्व सहाव्या शतकातच आपलेसे केले होते. ग्रीक-रोमन कथाकारांनी तर खुद्द मिडासलाच तिचा मुलगा ठरवले. इसवी सनपूर्व २०४ मध्ये, हॅनिबलचे सैन्य इटलीतच असताना, रोमने भविष्यग्रंथांचा कौल घेऊन या देवीला बोलावणे धाडले. तिचे प्रतीक म्हणून मानलेला एक काळा दगड समारंभाने रोमला नेण्यात आला आणि इसवी सनपूर्व १९१ मध्ये पॅलाटाइन टेकडीवर तिचे मंदिर उभे राहिले. तेव्हापासून ती साम्राज्याची महामाता झाली, दरवर्षी एप्रिलमध्ये तिचा उत्सव होऊ लागला. डोंगरातल्या धनगर-शेतकऱ्यांची देवी जगाच्या राजधानीत पोहोचली. इकडे तिच्या जुन्या मुलखातला टफ नंतरच्या लोकांनीही कोरणे थांबवले नाही. आयाझिनी गावात रोमन काळातल्या कबरी आणि बायझंटाइन काळातले, बाहेरूनही घुमटासह पूर्ण आकार दिलेले खडकातले चर्च आजही पाहायला मिळते.

या साऱ्याची नीट ओळख पटवून देण्याचे श्रेय काही चिकाटीच्या माणसांना जाते. लीकनंतर १८३० च्या दशकात फ्रेंच प्रवासी शार्ल तेक्सिए याने स्मारकांची चित्रे काढली. १८८० च्या दशकात स्कॉटिश अभ्यासक विल्यम रॅमझी याने सिंहांच्या कबरी आणि इतर खडक जगापुढे आणले. १९३६ ते १९३९ या काळात इस्तंबूलच्या फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने, आल्बेर गाब्रिएल यांच्या पुढाकाराने, मिडासच्या शहरात उत्खनन केले. तिथे एमिली हास्पेल्स ही डच विदुषी काम करत होती. ग्रीक मातीच्या भांड्यांवरच्या तिच्या अभ्यासाने तिचे नाव आधीच झालेले होते. दुसरे महायुद्ध पेटले आणि ती तुर्कस्तानातच अडकली. त्या काळात तिने इस्तंबूलच्या विद्यापीठात शिकवले. युद्धानंतर ती ॲमस्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाली, तरी फ्रिजियाचे डोंगर तिच्या डोक्यातून गेले नाहीत. पुन्हा पुन्हा परत येऊन, घोड्यावर बसून, खेड्यांतून मुक्काम करत तिने खोरे न् खोरे पालथे घातले. मोजमापे घेतली, नकाशे आखले, शिलालेख उतरवले. १९७१ मध्ये तिचा दोन खंडांतला ग्रंथ आला. पुढचे प्रत्येक संशोधन त्याच्या पायावर उभे आहे. अस्लानकायासारख्या स्मारकांची झीज पाहता, तिने टिपून ठेवलेले बरेच तपशील आज खडकापेक्षा तिच्या पानांवर जास्त स्पष्ट आहेत.

झीज वाऱ्या-पावसाने होते, हिवाळ्यातल्या बर्फाने होते. पण सर्वांत जास्त इजा केली ती सोन्याच्या गोष्टीने. मिडासचे नाव आणि बंद दाराचा आकार, एवढ्यावर विसंबून कित्येक पिढ्यांनी या भिंतींच्या मागे खजिना आहे असे धरले. कोनाडे फोडले, कबरी उकरल्या, मूर्तींची तोंडे छिलली. अस्लानकायाच्या देवीचा चेहरा आज ओळखता येत नाही. जिथे आत खोलीच नाही, तिथे दार तोडायला माणसे पहारी घेऊन आली. तुर्कस्तानच्या शासनाने या डोंगराळ प्रदेशाचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादीत २०१५ मध्ये नोंदवले; गॉर्डियनला तर २०२३ मध्ये जागतिक वारसा हा दर्जा मिळालाही. डोंगरातून पायी फिरण्यासाठी सुमारे पाचशे किलोमीटरची 'फ्रिजियन वाट' आखली गेली आहे. संरक्षणाची खरी गरज मात्र राजधानीपेक्षा या उघड्यावरच्या खडकांना जास्त आहे, कारण त्यांना कुंपण नाही आणि त्यांचे काहीही संग्रहालयात हलवता येत नाही.

महाराष्ट्रातून हजारो प्रवासी आता तुर्कस्तानला जातात. इस्तंबूल आणि कॅपाडोशिया पाहून परततात. त्यांना एक सुचवावेसे वाटते : सहलीत दोन दिवस वाढवा, एस्कीशेहिर किंवा अफ्योनला मुक्काम करा, आणि याझिलीकाया, गोय्नुश खोरे व अस्लानकाया सकाळच्या उन्हात पाहा. आधी अंकाराच्या अनातोलियन संस्कृती संग्रहालयात थांबून गॉर्डियनच्या टेकडीतली लाकडी मेजे नजरेखालून घातलीत, तर खडकावरची नक्षी लगेच ओळखू येईल. जिथे माणसे येतात, तिथे गावाला राखण करण्याचे कारण मिळते. सोन्याच्या राजाची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. त्याच्या लोकांनी प्रत्यक्षात काय मागे ठेवले, ते पाहून येणे ही त्या गोष्टीची राहिलेली अर्धी बाजू आहे.